दोन हंगामांमधील काळ आणि संघाची फेरबांधणी : पुणेरी पलटणच्या निमित्ताने

प्रास्ताविक

क्रीडासंघाचे यशापयश मैदानावर ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. व्यावसायिक क्रीडेचा थोडा बारकाईने अभ्यास केला असता, यशापयशाचा बराचसा भाग मैदान रिकामे असतानाच ठरून गेलेला असतो, असे आढळते. एक हंगाम संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे आणि सोडलेल्याच्या जागी कोणाला आणावे, हे तीन प्रश्न संघ-व्यवस्थापनापुढे असतात. अमेरिकेत बेसबॉलच्या संदर्भात या प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. आपल्याकडे मात्र ‘लिलावात कोण किती कोटींना गेला’ यापलीकडे चर्चा क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण या संघाच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे. बेसबॉलमधील गणित कबड्डीत जसेच्या तसे का लागू पडत नाही, हा या विवेचनाचा मुख्य रोख आहे.

बेसबॉलचा धडा आणि त्याची दुसरी बाजू

या विषयावरील कोणत्याही चर्चेत ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या संघाचे उदाहरण येतेच. २००१ च्या हंगामानंतर जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इस्रिंगहाउसन हे तीन प्रमुख खेळाडू या संघाला सोडून गेले. एकट्या जिआंबीला न्यूयॉर्क यँकीजने सात वर्षांसाठी सुमारे १२ कोटी डॉलर देऊ केले होते. ओकलंडच्या संपूर्ण संघाचे वार्षिक वेतन सुमारे ४ कोटी डॉलर होते. व्यवस्थापक बिली बीन यांनी जिआंबीसारखा दुसरा खेळाडू शोधण्याचा नाद सोडला. फलंदाज किती वेळा बाद न होता पहिल्या तळावर पोहोचतो, हे प्रमाण त्यांनी प्रमाण मानले. बाजारात या गुणाला त्या काळी फारशी किंमत नव्हती. कोपराच्या दुखापतीमुळे यष्टिरक्षणासारखे आपले मूळ काम गमावून बसलेला स्कॉट हॅटबर्ग त्यांनी दहा लाख डॉलरहून कमी मोबदल्यात घेतला आणि पहिल्या तळावर उभा केला. २००२ मध्ये ओकलंडने १०३ सामने जिंकले. तिपटीहून अधिक वेतन देणाऱ्या यँकीजनेही तेवढेच जिंकले. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या पुस्तकामुळे ही कथा जगभर गेली.

या कथेची दुसरी बाजू तुलनेने कमी सांगितली जाते. त्याच संघात टिम हडसन, मार्क मुल्डर आणि बॅरी झिटो असे तीन तरुण गोलंदाज होते. तिघेही संघाने स्वतः निवडून वाढविलेले आणि बेसबॉलच्या नियमांनुसार पहिल्या काही वर्षांसाठी संघाशी बांधील असल्यामुळे स्वस्त. झिटोने त्या वर्षी आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलंदाजाचा पुरस्कार मिळविला. म्हणजे हॅटबर्गसारख्या दुर्लक्षित खेळाडूंचा शोध हे चातुर्य खरेच. परंतु त्या चातुर्याला घरी घडलेल्या आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी वेतनावर खेळणाऱ्या तरुणांचा पाया होता. (खेळाडूच्या बाजूने पाहिले तर या पायाला वेगळे नाव द्यावे लागेल. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.)

कबड्डीतील लिलावाची चौकट

२०१४ पूर्वी महाराष्ट्रातील कबड्डीपटू संघ बदलत असे तो मुख्यतः नोकरीसाठी. रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र यांसारख्या आस्थापनांचे संघ होते. खेळाडूला नोकरी लागली की तो त्या संघाचा झाला. उमेदीची वर्षे सरल्यावरही नोकरी राहत असे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूवर प्रथमच हंगामापुरती जाहीर किंमत लिहिली गेली.

बेसबॉलमध्ये श्रीमंत संघ हवा तेवढा खर्च करू शकतो, अतिखर्चावर फार तर कर भरतो. प्रो कबड्डीत तसे नाही. लिलावासाठी प्रत्येक संघाला सारखीच रक्कम असते. २०२३ पासूनच्या तीन लिलावांत ती ५ कोटी रुपये होती. संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू असावे लागतात. राखून ठेवलेल्या खेळाडूंचा मोबदला याच रकमेतून वजा होतो. सोडलेल्या खेळाडूवर लिलावात लागलेली अंतिम बोली जुळवून त्याला परत घेण्याची मर्यादित सोय आहे. नवोदितांसाठी स्वतंत्र तरतूद असून त्यांना लिलावाच्या चढाओढीत न उतरता तुलनेने अल्प मानधनावर संघात ठेवता येते.

सर्वांची थैली सारखी असताना फरक पडतो तो थैलीबाहेर काय साठविले आहे यामुळे. पुणेरी पलटणचा इतिहास हेच दर्शवितो.

विकत घेतलेला संघ

पहिल्या दोन्ही हंगामांत, म्हणजे २०१४ व २०१५ मध्ये, पुण्याचा संघ आठ संघांत शेवटचा होता. पुढे मनजीत छिल्लर, दीपक हुडा, अजय ठाकूर असे नावाजलेले खेळाडू एकत्र आणण्यात आले आणि २०१६ मधील दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. सुधारणा निःसंशय मोठी होती, परंतु ती टिकली नाही. २०१८ मध्ये चढाईपटू नितीन तोमरसाठी १.१५ कोटी रुपये मोजूनही संघ बाद फेरीत पोहोचला नाही; २०१९ मध्ये बारा संघांत तो दहावा होता. नामवंतांचा संघ दर लिलावात विसकटतो आणि दर लिलावात नव्या किमतीने पुन्हा उभा करावा लागतो, हा त्या वर्षांचा अनुभव होय.

२०२१-२२ च्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन तरुण पुढे आले. नगर जिल्ह्यातून आलेला अस्लम तेव्हा नवोदितांच्या गटात होता. पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत यांच्यासह हा गट पुढील दोन हंगाम जवळपास अखंड राहिला. २०२२ च्या लिलावात या गटाला फझल अत्राचली (१.३८ कोटी) व मोहम्मद नबीबख्श (८७ लाख) या अनुभवी इराणी खेळाडूंची जोड देण्यात आली. त्या वर्षी संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूरकडून २९-३३ असा पराभूत झाला.

एका जागेचा प्रश्न

पराभवानंतरच्या त्या रिकाम्या महिन्यांतील निर्णय या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. फझल हा डावा कोपरारक्षक, लीगच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ पकडपटूंपैकी एक. व्यवस्थापनाने त्याला सोडले. गुजरातने त्याच्यासाठी १.६० कोटी मोजले. पुण्याकडे लिलावासाठी सुमारे २.८० कोटी शिल्लक होते. त्यांपैकी २.३५ कोटी, म्हणजे एकूण ५ कोटींच्या ४७ टक्के, पाटण्याने सोडलेल्या मोहम्मदरेझा शादलू या एकाच खेळाडूवर खर्च करण्यात आले. वरवर पाहता हा अविचार वाटतो. परंतु शादलूही डावा कोपरारक्षकच होता. फझलहून सुमारे आठ वर्षांनी लहान होता. शिवाय त्याला चढाईही करता येत होती. उर्वरित सहा जागा आधीच भरलेल्या असल्यामुळे खरेदी करायची होती ती केवळ एका जागेची. घरातील तरुणांनी वाचविलेला पैसा त्या एका जागेवर ओतण्यात आला.

परिणाम सर्वश्रुत आहे. साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकून व केवळ २ हरून पुणे अव्वल राहिले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून संघाने पहिले विजेतेपद मिळविले. शादलू हंगामातील सर्वोत्तम पकडपटू ठरला, तर सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार अस्लमला मिळाला.

बेसबॉलचे गणित येथे अपुरे का पडते

बेसबॉलमध्ये फलंदाज आणि गोलंदाज यांची झुंज बव्हंशी दोघांपुरती असते. त्यामुळे एका खेळाडूचे आकडे दुसऱ्या संघात नेले तरी बरेचसे तसेच राहतात. जिआंबीचे योगदान तीन स्वस्त खेळाडूंत वाटून घेता येते, ही बीन यांची कल्पना या गृहीतकावरच उभी आहे.

कबड्डीत पकडीचा गुण गुणपत्रकात एकाच्या नावावर लागतो, पण पकड क्वचितच एकट्याची असते. कोपरारक्षक घोटा धरतो त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक आत शिरून मध्यरेषेकडील वाट अडवितो. तो अर्धा क्षण उशिरा आला तर चढाईपटू रेषेला हात लावतो आणि गुण उलट जातो. आधी आला तर चढाईपटू सावध होतो. हा ताळमेळ हाताची साखळी धरून, शेकडो सराव-चढायांतून बसतो. म्हणून कोपरारक्षकाचे पकडीचे आकडे पाहून त्याला विकत घेणारा संघ अर्धीच वस्तू घरी नेतो. उरलेली अर्धी जुन्या संघाच्या मध्यरक्षकापाशी राहिलेली असते.

या खेळात संघबांधणीचे एकक खेळाडू नसून जोडी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मान्य केल्यास राखून ठेवण्याचा निर्णय वेगळ्या निकषावर घ्यावा लागतो. ‘याची किंमत किती’ यासोबत ‘हा गेल्यास शेजारच्याची किंमत किती घटेल’ हेही पाहावे लागते. उजव्या बाजूला गौरव खत्री कोपऱ्यात आणि अबिनेश मध्यरक्षणात, ही जोडी टिकून असल्यामुळेच २०२३ मध्ये डाव्या कोपऱ्यात नवा खेळाडू सामावून घेणे पुण्याला परवडले. दोन्ही बाजू एकदम बदलल्या असत्या तर शादलूसारखा खेळाडू घेऊनही तसाच परिणाम मिळाला असता, असे म्हणता येत नाही.

विजेतेपदानंतर

२०२४ च्या लिलावापूर्वी पुण्याने शादलूला सोडले. हरियाणाने त्याला २.०७ कोटींना घेतले आणि त्याच वर्षी विजेतेपद पटकाविले. अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच अंगणात झाला. पुणे मात्र पहिल्या सहा संघांतही नव्हते. व्यवस्थापनावर टीका होणे स्वाभाविक होते.

ही टीका प्रस्तुत लेखकाला अर्धीच मान्य आहे. अस्लम, मोहित, पंकज यांचे मूल्य विजेतेपदानंतर वाढलेले होते. स्वस्त तरुण स्वस्तही राहत नाहीत आणि तरुणही राहत नाहीत. त्यांना सांभाळून शिवाय दोन कोटींचा कोपरारक्षक ठेवणे ५ कोटींत कठीणच होते. चूक झाली ती अन्यत्र. हंगामाच्या मध्यात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो उर्वरित सामन्यांना मुकला. चढाईचा मुख्य आधार आणि कर्णधार या दोन्ही जागा एकाच गुडघ्यावर अवलंबून होत्या. डाव्या कोपऱ्यातील बदल आणि हा आघात एकाच हंगामात आल्यावर संघ सावरला नाही. कोणाला सोडायचे याचा हिशेब झाला होता. कोण जायबंदी होऊ शकेल याचा झालेला दिसत नाही.

पुढील वर्षाच्या घडामोडींनी या मताला काहीसा आधार मिळतो. २०२५ मध्ये शादलू २.२३ कोटींना गुजरातकडे गेला आणि गुजरात बारा संघांत पहिल्या आठांतही आले नाही. पुण्याने जुना गट मुख्यतः कायम राखला, चढाईत सचिन तन्वरसारख्या अनुभवी खेळाडूची भर घातली आणि २०१६ मध्ये याच संघाकडून खेळलेल्या अजय ठाकूर यांच्याकडे प्रशिक्षणाची सूत्रे दिली. साखळीतील १८ पैकी १३ सामने जिंकून संघ अव्वल राहिला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून तो २८-३१ असा हरला. अर्थात, एका खेळाडूच्या दोन हंगामांवरून नियम सिद्ध होत नाही. हरियाणातही तो नवाच होता आणि तेथे त्याने विजेतेपद मिळविले. परंतु तेथे त्याच्याभोवतीचे बचावपटू आदल्या हंगामात एकत्र अंतिम फेरीपर्यंत गेलेले होते, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

महाविद्यालयीन संघाच्या दृष्टीने

हा विषय कोट्यवधींच्या लिलावापुरता मर्यादित नाही. कर्वेनगर परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या कबड्डी संघाला दर उन्हाळ्यात हीच फेरबांधणी करावी लागते, तीही थैलीशिवाय. तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन जातात, म्हणजे दरवर्षी संघाचा सुमारे तिसरा हिस्सा सक्तीने ‘सोडला’ जातो. त्यांना राखून ठेवण्याचा किंवा बोली जुळविण्याचा पर्याय नाही. बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाची निवड-चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये घेऊन, सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या बारा जणींची नावे फलकावर लावली जातात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी जेमतेम काही आठवडे उरतात. निवड व्यक्तींची होते, जोड्यांची होत नाही.

वास्तविक उजवी कोपरारक्षक तृतीय वर्षात आहे, ती पुढील उन्हाळ्यात जाणार, हे क्रीडा-शिक्षकाला वर्षभर आधीच ठाऊक असते. इतकी पूर्वसूचना कोणत्याही व्यावसायिक संघाला मिळत नाही. दिवाळीनंतरच्या सरावात तिच्या जागी प्रथम वर्षाची खेळाडू उभी करावी, शेजारी मध्यरक्षक मात्र द्वितीय वर्षाचीच ठेवावी, आणि जाणाऱ्या खेळाडूला समोरून चढाया करायला लावाव्यात. घोटा कधी धरायचा, हे सांगण्यास तिच्याइतकी योग्य व्यक्ती संघात दुसरी नसते, आणि मे महिन्यानंतर ती मैदानावर येत नाही.