आजी-आजोबांना समुद्र दाखवताना

मे महिना लागला, मुलांचे निकाल हाती आले, की लातूर-नांदेडच्या घराघरांतून कोकणाचे बेत सुरू होतात. दोन-तीन मित्रांची कुटुंबे एकत्र येतात, एखादी मोठी गाडी ठरते आणि मुले वाळूच्या किल्ल्यांची स्वप्ने पाहू लागतात. आपल्या दारावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा येऊन आंबा घाट उतरतो आणि थेट रत्नागिरीला पोहोचतो. तेथून गणपतीपुळे सागरी मार्गाने जेमतेम पंचवीस किलोमीटर. बेत ठरताना एक प्रश्न मात्र घराघरांत हलक्या आवाजात विचारला जातो : आई-बाबांना न्यायचे का?

या प्रश्नाची दोन उत्तरे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. पहिले, ‘त्यांना झेपणार नाही, त्यांना घरीच राहू द्या.’ दुसरे, ‘चला, बसतील किनाऱ्यावर आपल्या चपला-मोबाइल सांभाळत.’ दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. १९७२चा दुष्काळ तरुणपणी सोसलेली आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिलेली कितीतरी माणसे आपल्या जिल्ह्यांत आहेत. त्यांतील अनेकांनी सत्तरी ओलांडली, तरी समुद्र पाहिलेला नाही. प्रकृती स्थिर असेल, तर त्यांना अवश्य न्यावे. अट एवढीच, की किनाऱ्यावरच्या त्या दिवसाची आखणी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या शरीराकडे पाहून करावी. तसे केल्याने मुलांची मौज मुळीच कमी होत नाही, हे पुढे दिसेलच.

आपला कूलर कोकणात का चालत नाही?

‘डॉक्टर, नांदेडच्या बेचाळीस अंशांत आमचा जन्म गेला. कोकणात तर तेहेतीसच असते. आम्हांला काय होणार?’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो. त्यातली चूक आपल्या घरातल्या कूलरकडे पाहिले की उमगते. वाळ्यातून ठिबकणारे पाणी कोरड्या हवेत वाफ होऊन उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तेथे पाणी उडत नाही, म्हणून कूलर कुचकामी ठरतो आणि माठही फारसा गार होत नाही.

आपला घाम हा शरीराचा कूलरच आहे. तो उडून गेला तरच अंग निवते. दमट हवेत तो नुसताच निथळत राहतो. पाणी आणि क्षार बाहेर जातात, शरीर मात्र थंड होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यानुसार तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला सावलीतही सुमारे ४१ अंशांइतका ताप जाणवतो. थेट उन्हात त्यात आणखी भर पडते. शिवाय वयानुसार घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि उन्हात त्वचेकडे जास्त रक्त पाठविण्याचे काम हृदयाला जड जाते. म्हणून ‘आम्हांला उन्हाची सवय आहे’ हा मराठवाड्याचा अभिमान घाट उतरताना थोडा बाजूला ठेवावा.

आपल्याकडे ओला पंचा मानेवर टाकला की लगेच थंड वाटते. कोकणात तो वाऱ्याशिवाय उपयोगी पडत नाही. तेव्हा बसण्याची जागा निवडताना सावली आणि वारा, दोन्ही पाहावेत. भिंतीच्या किंवा टपरीच्या आडोशाला बसू नये. समुद्रावरून येणारा वारा अंगाला लागेल अशा सुरूच्या बनात बसावे. नारळाच्या झाडाखाली मात्र बसू नये. त्याचे कारण वरच लटकलेले असते.

दिवसाचे दोन तुकडे करा

किनाऱ्यावरचा दिवस सलग घालविण्याचा आग्रह सोडावा. सकाळी साडेसहा ते नऊ हा पहिला तुकडा आणि संध्याकाळी पाचपासून सूर्यास्तापर्यंतचा दुसरा. मेमध्ये तेथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोन तास निवांत मिळतात. अकरा ते चार हा काळ मुक्कामाच्या ठिकाणी जेवण, झोप आणि पत्ते यांसाठी ठेवावा. लहान मुलांनाही या वेळचे ऊन तितकेच बाधते, म्हणून ही शिस्त नातवंडांच्याही हिताची आहे.

गणपतीपुळ्याचे मंदिर किनाऱ्यालगत डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्या डोंगरालाच प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. ती वाट सुमारे एक किलोमीटरची. अनवाणी प्रदक्षिणा करावयाची असेल, तर ती सकाळीच उरकावी. गुडघे दुखत असतील, तर दर्शन घेऊन समोर बसावे.

प्रवासही एका दमात करू नये. नांदेड-लातूरहून निघालेल्यांनी सोलापूर किंवा कोल्हापूरला रात्रीचा मुक्काम करावा. दर दोन तासांनी गाडी थांबवून ज्येष्ठांना पाच मिनिटे चालवावे. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पायांवर सूज येते आणि क्वचित शिरांमध्ये रक्ताची गुठळीही होते. घाटात मळमळेल म्हणून प्रोमेथाझिनसारखी गुंगी आणणारी गोळी वृद्धांना परस्पर देऊ नये. तिने गोंधळल्यासारखे होते, लघवी अडकू शकते आणि घामही कमी होतो. पुढच्या आसनावर बसवावे आणि घाटाआधी हलके खायला द्यावे.

पाणी न पिण्याचे खरे कारण

ज्येष्ठ मंडळी, विशेषतः आजी, प्रवासात पाणी पीत नाहीत. विचारले तर ‘तहान नाही’ म्हणतात. पुष्कळदा खरे कारण वेगळे असते : स्वच्छ शौचालय मिळेल का, गाडी पुन्हा थांबवायला सांगितली तर मुलगा वैतागेल का, उकिडवे बसता येईल का. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांचेही तेच. तेव्हा काळजी घेणाऱ्यांनी पाण्याची बाटली देण्याआधी शौचालयाची सोय पाहावी. मुक्काम किनाऱ्यापासून चालत जाण्याजोगा आणि कमोड असलेला घ्यावा. कोणी न विचारताच ‘चला, जाऊन येऊ’ म्हणावे. एवढे केले, की पाणी आपोआप प्यायले जाते.

किनाऱ्यावर असताना तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला अर्धा पेला पाणी, ताक किंवा लिंबू-पाणी घ्यावे. लघवी फिकट पिवळी असेल, तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद असेल, तर कमी पडते आहे. ओआरएसची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे करावे.

शहाळ्याविषयीही एक सूचना. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड दुबळे असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील, तर शहाळ्यामागून शहाळी पिऊ नयेत. मधुमेह्यांनी बाटलीबंद कोकम सरबतातील साखर लक्षात घ्यावी. घरगुती सोलकढी त्यांच्यासाठी बरी.

औषधांची पिशवी

निघण्यापूर्वी आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा : लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत तशाच घ्यायच्या का, आणि जेवणाची वेळ चुकली तर साखरेच्या गोळीचे काय करायचे? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांनीही लघवी वाढते, हे ध्यानात असावे. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नये.

इन्सुलिन उभ्या गाडीत कधीही ठेवू नका; काचा बंद असलेली गाडी भट्टीसारखी तापते. आपल्याकडे इन्सुलिन माठात ठेवण्याची युक्ती आहे, पण दमट हवेत माठावर विसंबू नये. मुक्कामाच्या ठिकाणच्या फ्रीजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन वाया गेलेले असते. औषधांची यादी एका कागदावर लिहून आजोबांच्या खिशात आणि मुलाच्या पाकिटात, अशी दोन ठिकाणी ठेवावी.

वाळू आणि पावले

बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूवर चालताना त्यांना चटका कळत नाही आणि रात्री तळव्याला फोड आलेला दिसतो. अशा फोडाची जखम भरायला महिने लागलेली उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यांनी पाण्यातही मागून पट्टा असलेली, पुढून बंद सँडल घालावी. संध्याकाळी पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांमधील जागा कोरडी करून, तळवे कोणीतरी उजेडात नीट पाहावेत. हे काम नातवंडे आनंदाने करतात.

कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्याला ओढ बसते. ओल्या, घट्ट वाळूवर चालणे सोपे. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत खचून माणूस कलंडतो, म्हणून खुर्चीखाली फळी किंवा जाड घडी घातलेली सतरंजी ठेवावी. वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परावर्तित करतात, तेव्हा सावलीतही टोपी आणि काळा चष्मा असू द्यावा.

भरती, मुले आणि राखण

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास. संध्याकाळी पाणी वर आलेले असते आणि खुर्चीत बसूनही लाटा जवळून दिसतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, त्यामुळे संध्याकाळी ओल्या वाळूचे मोठे मैदान चालायला मिळते. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ स्थानिकांना विचारून घ्यावी.

गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा मानला जातो. तेथे गुडघ्याच्या वर पाण्यात कोणीच जाऊ नये, पोहता येणाऱ्यानेही नाही. विहिरीत आणि गोदावरीत पोहण्याचा सराव समुद्राच्या ओढीपुढे चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चार कुटुंबे एकत्र असली, की प्रत्येकाला वाटते, मुलांकडे दुसरा कोणीतरी पाहतो आहे. शेवटी ‘आजोबा, जरा लक्ष ठेवा’ म्हणून सगळे मोकळे होतात. आजोबांना मोतीबिंदू असतो, गुडघे धावू देत नाहीत, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते चुपचाप खाली जाते. ही जबाबदारी ज्येष्ठांवर टाकणे मुलांसाठी धोक्याचे आणि आजोबांसाठी क्रूर आहे. तरुणांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. ज्याची पाळी, त्याने मोबाइल पिशवीत ठेवून, पाण्याच्या कडेला उभे राहून फक्त मुलांकडे पाहावे. वाचकांतील आजी-आजोबांनीही संकोच न करता सांगावे : ‘पाण्यातली मुले मी सांभाळणार नाही. किल्ला बांधायला बसवा, तिथे मी आहे.’

धोक्याची खूण ओळखा

उन्हाचा त्रास वृद्धांमध्ये पुष्कळदा गप्प होण्याने सुरू होतो. बोलणारी आजी एकाएकी शांत झाली, चिडचिड करू लागली, पायांत गोळे आले, डोके दुखू लागले किंवा उभे राहताना भोवळ आली, तर लगेच सावलीत, वाऱ्यात किंवा पंख्याखाली न्यावे, कपडे सैल करावेत, घोटघोट पाणी द्यावे.

बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली किंवा शुद्ध हरपू लागली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सर्वांगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून काखेत, मानेशी व जांघेत ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटॅमॉलने हा ताप उतरत नाही.

अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा झोपल्यावर दम लागत असेल, तर यंदाचा बेत पुढे ढकलावा. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवा त्यांना अधिक मानवेल.

बाकीच्यांनी खुशाल निघावे. आणि घरच्या तरुण मंडळींना एक विनंती : संध्याकाळच्या दोन तासांत प्रत्येकाने आळीपाळीने अर्धा तास त्या खुर्चीशेजारी बसावे. आईला हात धरून ओल्या वाळूपर्यंत न्यावे, पावलांवरून एक लाट जाऊ द्यावी. लाट परतताना पायांखालची वाळू सरकते, त्या वेळी तोल जातो. तेव्हा हात मुळीच सोडू नये.