पोळ्या उरल्यात, घेऊन जा

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आमच्या समोरच्या घरी, माडीवरच्या खोलीत डिंडोरीकडचा एक मुलगा राहतो. कॉलेजचं दुसरं वर्ष, वडील मजुरी करतात. रात्री साडेआठला खालच्या आजी जिन्याशी येऊन हाक मारतात, "अरे, पोळ्या उरल्यात, घेऊन जा. सकाळी कोण खाणार?" रोज चारच उरतात. कणीक भिजवतानाच आजी चार पोळ्यांची जादा घेतात, हे मी पाहिलंय.

आजींना जे कळतं ते मानसशास्त्राने मोजून पाहिलं आहे. 2000 साली नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेला बसणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार, दोघांनाही रोजनिशी लिहायला लावली. जोडीदाराने 'आज आधार दिला' असं लिहिलं, पण उमेदवाराच्या वहीत त्याची नोंदच नाही, अशा दिवसांनंतर त्याची उदासी सर्वांत कमी वाढली. मदत नजरेत भरली की तिच्याबरोबर 'मला एकट्याला जमत नाही' ही टोचणीही येते.

गरिबाघरच्या मुलांना ही टोचणी जास्त लागते. त्यात स्वभावाची भर. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे पाच पैलू मानतात. त्यांतला बहिर्मुखपणा कमी आणि मनाची अस्वस्थता जास्त असली, तर फीसाठी मुदत मागायला ऑफिसच्या खिडकीशी जाणंही जड जातं. आपण म्हणतो, मुलगा बुजरा आहे, लक्ष नसतं त्याचं. पण लक्ष पैशाच्या काळजीनेही उडतं. तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांच्या विचारशक्तीची चाचणी घेतली, तेव्हा तोडणीआधीच्या तंगीत त्यांना जे जमलं नाही, ते पैसे हाती आल्यावर त्याच माणसांना जमलं. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; सात घरं, सात उंबरे. किती जण त्यावर शिकून मोठे झाले, पण पानावर बसताना मान खालीच. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही मान वर केली. 'कमवा आणि शिका' म्हणत त्यांनी मुलांच्या हाती काम दिलं. स्वतःच्या घामाच्या भाकरीला ओशाळेपणा चिकटत नाही. फीमाफीच्या याद्या भिंतीवर डकवणाऱ्या कॉलेजांनी हे जरूर आठवावं.

गेल्या महिन्यात आजींचा गुडघा धरला. तेव्हापासून नळाचं पाणी माडीवरचा मुलगा भरतो. आजी नको म्हणाल्या, तर म्हणाला, "आजी, दिवसभर बसून पाठ आखडते. तेवढंच अंग मोकळं होतं."