कोळ्याला तुकाराम ओंबळेंचं नाव! कोण आहे हा 'आयसियस तुकारामी'?

शिरोली एमआयडीसीत एखाद्या शेडच्या उन्हातल्या भिंतीवर मुगाच्या दाण्याएवढा कोळी टुणकन उडी मारताना तुम्ही पाहिला असेल. हा जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यातला नाही. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी माशी हेरायची आणि थेट झेप घ्यायची. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या जगभरात सहा हजारांहून जास्त जाती आहेत. घराच्या भिंतींवर दिसणाऱ्या काही माणसाच्या सामानाबरोबर देशोदेशी पोहोचल्यात. काही मात्र अगदी मोजक्याच जागी सापडल्यात.

त्यातलीच एक 'आयसियस तुकारामी'. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या या जातीची जगाला ओळख झाली २०२१ मध्ये. नाव कुणाचं? सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचं. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. ओंबळे शहीद झाले, पण कसाब जिवंत सापडला. पुरुषाच्या नावाला लॅटिनमध्ये शेवटी 'ई' लागतो, म्हणून 'तुकारामी'. अर्थ सरळ आहे, 'तुकारामचा'.

आता भिंतीवरच्या कोळ्याचा फोटो काढून 'हाच तो' असं स्टेटस ठेवू नका. या कोळ्यांच्या जवळच्या जाती इतक्या सारख्या दिसतात, की पूर्ण वाढलेल्या नर-मादीचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच खात्री करावी लागते.

आणि 'फक्त इथेच सापडतो' म्हणजे तरी काय? अनेकदा एवढंच, की नीट शोधलं गेलं ते तिथेच. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती गावचा निळाशार टॅरँटुला बघा. १८९९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तो सापडला होता रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. पुढे शंभर वर्षं पत्ता नाही. २००१ मध्ये तो पुन्हा दिसला, तोही गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल-गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात. लाकडाबरोबर वखारीत आला असणार, दुसरं काय! त्याचं खरं घर म्हणजे शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान जंगल. जळणासाठी तिथली झाडं तुटतात, शिवाय रंगामुळे पाळणारे शौकीन मागे लागलेत. आज तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. तुकारामीचं घर तर मुंबईच्या शेजारी, जिथे रोज नवी इमारत उभी राहतेय.