सांजवेळेची जपमाळ

आश्विनातील नवरात्र म्हणजे जगदंबेच्या उपासनेचे पर्व. घरोघरी घट बसतात, नंदादीप अखंड तेवतो, माळेमागून माळ चढते. बहुधा याच सुमारास येणारा ऑक्टोबर हा कॅथलिक ख्रिस्ती बांधवांचा जपमाळेचा महिना होय. ७ ऑक्टोबर हा जपमाळेच्या मातेचा सण. या जपास ते ‘रोझरी’ म्हणतात. गोमंतकीय घरांतून ‘तेर्स’ हा शब्द रूढ आहे. पुण्यनगरीस ही उपासना नवखी नाही. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी, त्यांच्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेल्या जागेवर, नाना पेठेतील सिटी चर्चची १७९२ साली स्थापना झाली.

आपल्या माळेत १०८ मणी व मेरू. त्यांच्या माळेत ५९ मणी व क्रूस. दहा-दहा मण्यांची पाच दशके असतात. प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभू येशूने शिकविलेली प्रार्थना, मग दहा वेळा मरियामातेचे वंदन, अखेरीस परमेश्वराची स्तुती. मात्र नुसते मणी ओढावयाचे नसतात. प्रत्येक दशकासमवेत येशू व मरिया यांच्या चरित्रातील एक प्रसंग मनश्चक्षूंपुढे आणावयाचा असतो. सोमवारी व शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी व रविवारी गौरवाचे. गुरुवारच्या प्रकाशाच्या प्रसंगांची भर पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली घातली. आम्हा कीर्तनकारांस याचे मर्म सहज उमगते. नामास आख्यानाची जोड मिळाली की चंचल मन स्थिरावते.

आपला जप बहुधा एकान्ताचा. वाचिकापेक्षा उपांशु आणि उपांशुपेक्षा मानस जप श्रेष्ठ, असे आपले शास्त्र सांगते. रोझरी एकान्तीही म्हणतात. परंतु तिची खरी शोभा कुटुंबात. दिवेलागणीनंतर एकाने प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणावा, इतरांनी उत्तरार्ध उचलावा. जणू कीर्तनातील ध्रुपदच! आजीचा थकलेला स्वर आणि नातवाचा बोबडा बोल एकाच जपात मिसळतात. पाच दशकांस पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

त्या प्रार्थनेचा पूर्वार्ध स्तुतीचा, उत्तरार्ध याचनेचा. आणि याचना तरी कोणती? धन नव्हे, संतती नव्हे. ‘आमच्यासाठी आता आणि मरणसमयी विनंती कर’ एवढाच तिचा आशय. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंतांनी हेच वर्म सांगितले आहे. अंतकाळी जे स्मरावे, तीच गती. परंतु अंतकाळी स्मरण आपोआप होत नाही. म्हणूनच तेथे भगवान अर्जुनास सर्वकाळ स्मरण करण्याची आज्ञा देतात. पाच दशकांत पन्नास वेळा ‘आता’ आणि ‘मरणसमयी’ हे दोन क्षण एकत्र उच्चारणारी जिव्हा नकळत त्या अखेरच्या घटकेची तयारी करीत असते.

आपल्या घरांतील सायंप्रार्थनेचे आज काय झाले आहे? ‘शुभं करोति’ मुलांस पाठ असते. म्हणावयास मात्र घरातील मंडळी एकत्र नसतात. आजोबांची माळ गोमुखीत तशीच राहते. शेजारधर्माचे अनुकरण करावे, असे आमचे सांगणे नाही. आपला इष्टदेव, आपला मंत्र आपल्यापाशी आहेच. गीतेत भगवंतांनी सर्व यज्ञांत जपयज्ञ ही आपली विभूती म्हटली आहे. या यज्ञास ना समिधा लागतात, ना द्रव्य. लागते ती नेमाची वेळ. ती काढण्यास नवरात्रासारखा दुसरा मुहूर्त कोणता? घटापुढे नऊ दिवस सारे घर एकत्र बसावे, एक माळ मोठ्याने जपावी, आणि दसऱ्यानंतरही तो नेम मोडू नये.