दोन वेळचे, एक वेळचे

पहाटे साडेपाच

हे मंडईतून भाजी घेऊन येतात तोवर मावशींची कणीक मळून झालेली असते. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमची मेस आहे. ऐंशीच्या आसपास ताटं, म्हणजे एका वेळेला बारा किलो कणीक. मावशींना लाटण्याचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे एका किलोत त्या पंचवीस पोळ्यांवर थांबू बघतात आणि मला अठ्ठावीस हव्या असतात. मुलं अर्थातच मावशींच्या बाजूने. त्यांना पोळी मोठी मिळते.

साडेसात

फळ्यावर आजची भाजी लिहायची: मटकीची उसळ, फ्लॉवर-बटाटा, वरण-भात. फोनवरच्या ग्रुपवरही तेच टाकायचं. फ्लॉवर दिसला की निम्मे गप्प राहतात. आमटीत गूळ घातलेला मराठवाड्याच्या मुलांना चालत नाही आणि गुळाशिवाय ती आम्हाला जात नाही. म्हणून गूळ घालून ठेच्याची वाटी बाहेर ठेवायची, असा तह झाला आहे.

नऊ

जुलै आहे, म्हणजे नवी मुलं यायचे दिवस. आज परभणीकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. कॉलेजच्या वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, म्हणून सकाळीच कॉट बघून आले होते. एका खोलीत चार कॉट, कॉटला चार हजार, दोन महिन्यांची अनामत, शिवाय एजंटला एका महिन्याचं भाडं. सोळा हजार रुपये गेल्यावर ते माझ्या दारात उभे होते.

“ताई, जेवणाचं कसं हाय?”

“दोन वेळचे चौतीसशे, एक वेळचे एकोणीसशे. रविवारी दुपारी फिस्ट, रात्री बंद.”

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. “एक वेळचे निम्मे नाहीत का मग? सतराशे?”

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. आमचं ताट पोटभर आहे, पोळ्या मोजत नाही. दोन वेळ जेवणारा चार पोळ्यांवर उठतो; एक वेळ जेवणारा रात्रीचंही तेव्हाच जेवून घेतो. सात पोळ्या, दोनदा भात. त्याला निम्म्या पैशांत बसवलं तर मेस दिवाळीपर्यंतही चालणार नाही. हे मी वडिलांना असं सांगत नाही. “गॅस-मजुरी तेवढीच लागते,” एवढंच म्हणते, आणि तेही खरंच आहे.

मुलगा म्हणाला, “एक वेळचं लावू.” वडील म्हणाले, “दोन.” मी दोन लिहिलं.

साडेबारा ते अडीच

या दोन तासांत मला कुणाशी बोलायला वेळ नसतो, पण डोळे मोकळे असतात. कोण वाटीभर वरण पिऊन मग पोळीला हात लावतो, कोण पाहुणा म्हणून मित्राला आणतो आणि दोघांत एक ताट चालवू बघतो, सगळं दिसतं. वसतिगृहांत नाव नसताना मित्राच्या खोलीत गादी टाकून राहणाऱ्याला मुलं पॅरासाइट म्हणतात. मेसमध्ये त्याचं भावंड म्हणजे हा अर्ध्या ताटाचा पाहुणा. त्याला एकदा जेवू द्यायचं, दुसऱ्यांदा ऐंशी रुपयांचं कूपन मागायचं. नियम माझा आहे आणि मोडतेही मीच.

तीन

मावशी जेवायला बसल्या की वह्या काढायच्या. पहिली खाड्यांची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची. सलग चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाही, आणि आदल्या रात्री दहाच्या आत कळवायला हवं. मुलांना हे जाचक वाटतं. पण मटकी त्याच्याही आधी, आदल्या दिवशी सकाळीच भिजत घालावी लागते, आणि न आलेल्या मुलासाठी भिजवलेली मटकी परत कोरडी होत नाही. गणपतीत आणि दिवाळीत अर्धी मेस गावी जाते; वाड्याचं भाडं मात्र जात नाही.

दुसरी वही पावत्यांची. स्वाधार योजनेच्या अर्जासाठी मेसची पावती न्यायला मुलं येतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाहेर राहण्या-जेवण्यासाठी ही मदत आहे, 2016-17 पासूनची. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 : भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. आदिवासी मुलांच्या स्वयं योजनेचे आकडेही हेच. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तर जेवणाला महिना 3,200. माझ्या दराच्या दोनशेच खाली, म्हणजे ज्याने आकडा बसवला त्याला मेस माहीत असावी. निवासाला मात्र महिना 2,000. या पेठेत दोन हजारांत कॉट मिळत नाही, अर्धी मिळते म्हणा. उरलेले दोन हजार कुठून आणायचे? जेवणाच्या 3,200 मधूनच.

म्हणून कुणाचं भाडं वाढलं हे मला घरमालकाच्या आधी कळल्यासारखं होतं. दोन वेळचा मुलगा न बोलता एक वेळचा होतो.

आणखी एक गोष्ट. ही मदत हप्त्यांनी, हजेरी तपासून बँकेत येते. किराणावाला एक तारखेलाच येतो. मधले महिने मी थांबते. साताऱ्याच्या बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातलं, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ते बोर्डिंग 1924 चं. त्याआधी 1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं. त्या काळी आमच्याच पेठांत गरीब मुलं वार लावून जेवायची, रोज वेगळं घर. पण ते वार सगळ्या जातींच्या मुलांना कुठे मिळत होते? बोर्डिंगं निघाली ती त्यासाठी. बाकी मंगळसूत्राचं म्हणाल, तर माझं मी विकणार नाही, हे उधारीवाल्या पोरांना आधीच सांगून ठेवलं आहे.

करांचं एक मजेशीर आहे. 2024 च्या जूनमध्ये जीएसटी परिषदेने सलग 90 दिवस राहणाऱ्याला, महिना 20,000 रुपयांपर्यंतच्या राहण्यावर कर नको, असं ठरवलं. एका मुलाने मला ती बातमी आनंदाने दाखवली. मी विचारलं, “तुझा कॉटवाला पावती देतो?” तो हसला. पावतीच नाही तर माफ काय व्हायचं!

साडेपाच

एकोणीस किलोचा सिलिंडर आला. तो दारातून आत घेईपर्यंत हे आणि मी भांडतो, रोजच्यासारखं.

आठ

रात्री मुलं सैल असतात. स्पर्धा परीक्षावाले पुस्तक ताटाशेजारी ठेवून जेवतात, इंजिनिअरिंगची फोन ठेवून. परभणीचा आज पहिल्यांदा बसला. तीन पोळ्या खाऊन थांबला, इकडेतिकडे बघितलं. पलीकडच्या नांदेडच्या पोराने त्याच्या ताटात न विचारता चौथी टाकली. “मोजत नाहीत इथं,” म्हणाला. माझ्याच तोंडावर!

साडेदहा

ओटा धुऊन झाला की फोन. दहाची वेळ उलटून गेल्यावरच खाडे यायला लागतात. “काकू, उद्यापासून पाच दिवस गावी.” “काकू, प्लीज धरा ना.” दोघांचे धरले, एकाचा नाही, तो दर महिन्याला असंच करतो.

मग तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुदखेडच्या पोराचा मेसेज : “काकू, एक तारखेपासून एक वेळ.”

मी लिहिलं, “भाडं वाढलं का रे?”

“हो. पाचशेने.”

“मग दुपारचं लाव. दुपारी उसळ पण असते.”

“दुपारी प्रॅक्टिकल असतं काकू. रात्रीचंच.”

“डबा घेऊन ये सकाळी. साडेनऊला भरून ठेवते. झाकण घट्ट बसणारा आण, मागच्या पोराच्या दप्तरात वरण सांडलं होतं.”