जुन्या मोटारीची मागील कांच

पावसाळ्यांत घर गळूं लागलें म्हणजे शहाणा मनुष्य आधीं कौलें पाहतो आणि मग भिंतीला रंग देतो. मोटारीच्या बाबतींत मात्र हें साधें व्यवहारज्ञान पुष्कळांस वेळेवर सुचत नाहीं, आणि त्या पुष्कळांत आम्हीही आलों. गादीवर ओलीचे डाग दिसले कीं गादीचें कापड बदलावें, फळी फुगली कीं फळी बदलावी, आणि पुढल्या आषाढांत पुन्हां तोच कुबट वास घ्यावा, असा आमचा क्रम चालला होता. आमच्या घरच्या १९७८ सालच्या पद्मिनी गाडीची मागील बैठक चार वर्षांत दोनदां नवी करून झाली. तिसऱ्यांदा डाग पडले तेव्हां तीर्थरूप म्हणाले, "आतां भंगारवाल्यालाच बोलवा." दर पांच वर्षांनीं करावी लागणारी फेरनोंदणी तोंडावर आली होती, असल्या स्थितींत गाडी तपासणीस नेणें शक्य नव्हतें. तेव्हां एक शेवटचा प्रयत्न म्हणून आम्हीं व आमच्या धाकट्या बंधूंनीं हें काम अंगावर घेतलें. तें कसें करावें, व कसें करूं नये, हें वाचकांस सांगावें असें वाटतें.

ज्यांनीं ही गाडी जवळून पाहिली नसेल अशा लहान विद्यार्थ्यांसाठीं थोडी माहिती देतों. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीवरून ती बनत असे. १९७४ मध्यें तिला पद्मिनी हें नांव मिळालें आणि २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरीं माहीत होती. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आजच्या गाड्यांच्या कांचा बहुधा पत्र्याला चिकटद्रव्यानें कायमच्या जोडलेल्या असतात. जुन्या गाडीची मागील कांच तशी नसते. ती एका जाड रबरी पट्टीच्या चौकटींत बसते. या पट्टीला दोन खांचा असतात. एकींत कांचेची कड शिरते व दुसरींत गाडीच्या पत्र्याची कड. खिळा नाहीं, स्क्रू नाहीं. केवळ रबराच्या लवचिकपणानें सर्व एकमेकांस धरून राहतें. याच पत्र्याच्या कडेवर छताच्या अस्तराचें मागील टोक चिकटवून त्यावर रबर बसविलेलें असतें, आणि कांचेच्या पायथ्याशीं, बैठकीच्या पाठीमागें, ती आडवी फळी येते जिच्यावर लोक छत्र्या आणि वर्तमानपत्रें टाकतात. म्हणजे कांच, रबर, अस्तर, फळी आणि गादी हीं पांच निरनिराळीं कामें दिसलीं तरी वस्तुतः तें एकच काम आहे, आणि त्याला एक ठराविक क्रम आहे. तो क्रम आम्हीं चार वर्षें उलटा चालविला होता.

रबर उन्हानें व हवेनें कडक होतें, आकसतें आणि त्याला बारीक भेगा पडतात. मग त्याची ओठासारखी कड कांचेला चिकटून राहत नाहीं. छतावरून ओघळणारें पावसाचें पाणी त्या फटींतून खांचेंत उतरतें आणि खालच्या दोन कोपऱ्यांत सांठून राहतें. तेथें पत्रा गंजूं लागतो. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. हा फुगलेला गंज रबर आणखी उचलतो, पाणी आणखी शिरतें. तेथून तें पुठ्ठ्याच्या फळीवर, फळीवरून गादीच्या पाठींत व शेवटीं तळाच्या तागी अस्तरांत जातें. डाग गादीवर दिसतो, पण दुखणें दोन हात वर असतें.

काम सुरू करण्यापूर्वीं कांचेचा स्वभाव ओळखणें अवश्य आहे, कारण तो न ओळखल्यानें आमचें मोठें नुकसान झालें. मागील कांच साधी नसून टफन्ड जातीची असते. कांच ६०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं निवून कडक होतो. आंतला भाग मागाहून निवतो व आकसूं पाहतो, पण कडक झालेला बाहेरचा थर त्याला पुरतें आकसूं देत नाहीं. त्यामुळें बाहेरचे थर कायमचे दाबलेले आणि आंतला भाग कायमचा ताणलेला राहतो. अशी कांच सपाट अंगावर चांगलाच धक्का सोसते, परंतु तिची कड किंवा कोपरा दुखावला व चीर त्या ताणलेल्या भागापर्यंत पोंचली कीं एका क्षणांत सर्व कांचेचे खडे होतात. हे खडे बोथट असल्यामुळें प्रवाशास मोठी जखम सहसा होत नाहीं, हा तिचा गुण. अशी कांच एकदां तयार झाल्यावर कापतां येत नाहीं किंवा तिला भोंकही पाडतां येत नाहीं. ध्रुवीकृत कांचांचा गॉगल घालून उतरत्या उन्हांत एखाद्या गाडीच्या मागील कांचेकडे पाहिलें तर कित्येकदां तिच्यावर काळसर ठिपके ओळीनें दिसतात. ते त्या हवेच्या झोतांच्याच खुणा होत. आमच्या विद्यार्थी मित्रांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आम्हीं गादी व फळी काढली आणि कांचेस हात घातला. रबर दगडासारखें झालें होतें. अशा वेळीं कांच ढकलूं नये. आंतल्या बाजूनें रबराची कड धारदार सुरीनें सर्व बाजूंनीं कापून टाकावी, मग एकानें आंत बसून वरच्या कोपऱ्यांवर तळहातानें दाब द्यावा व दुसऱ्यानें बाहेरून कांच झेलावी. हें आम्हीं बरोबर केलें. कांच अखंड बाहेर आली. बंधूंनीं ती मोठ्या ऐटींत पडवींत नेली आणि शहाबादी फरशीवर एका कोपऱ्यावर उभी केली. गोणपाट घालावयाचें राहिलें होतें. फट् असा एकच आवाज झाला आणि पडवीभर खडीसाखर पसरली. तीर्थरूप बाहेर आले, त्यांनीं पाहिलें आणि न बोलतां आंत गेले. ते रागावले असते तर बरें झालें असतें, असें आम्हां दोघांस वाटलें.

दुसरी कांच मिळविण्यास तीन आठवडे लागले. या गाडीची कांच आतां साध्या दुकानांत मिळत नाहीं; ज्या कुर्ल्यांत ती गाडी जन्मली, तेथल्याच जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत एका दुकानाच्या माळ्यावर ती सांपडली. जातांना खिडकीचा वर्तमानपत्रावर काढलेला नमुना बरोबर नेला होता, म्हणून फसगत झाली नाहीं. येतांना कांच रजईंत गुंडाळून आणली.

हे तीन आठवडे मात्र वायां गेले नाहींत. खालच्या कोपऱ्यांतील गंज तारेच्या ब्रशानें घांसतां घांसतां डाव्या बाजूस बोट जाईल एवढें भोंक निघालें. पत्राकाम करणाऱ्या कारागिरानें तेथें नवा तुकडा जोडून दिला. त्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात व मग रंग दिला. येथें घाई करूं नये. रंग ओला असतां रबर चढविलें तर दोन्हींचा नाश होतो. रंग वाळल्यावर छताच्या अस्तराची कड ताणून सोल्यूशननें चिकटविली व कपडे वाळविण्याचे चिमटे लावून रात्रभर तशीच ठेवली.

कांच बसविण्याची युक्ति फार मौजेची आहे. नवें रबर आधीं गाडीला न लावतां कांचेभोंवतीं चढवावें. रबर जोडाचें असेल तर जोड वरच्या मध्यावर ठेवावा असें आमचें मत आहे, कारण पाणी सांठतें तें खालीं. मग पत्र्याच्या खांचेंत सर्व बाजूंनीं एक मजबूत नायलॉनची दोरी बसवावी. तिचीं दोन टोकें खालच्या मध्यावर वीतभर एकमेकांवर येऊन गाडीच्या आंत लोंबत राहिलीं पाहिजेत. खांचेला साबणाचें पाणी लावावें. तेल लावूं नये. तेलानें रबर फुगतें. एकानें बाहेरून कांच जागेवर दाबून धरावी आणि दुसऱ्यानें आंत बसून दोरीचें एक टोक कांचेच्या मध्याच्या दिशेनें हळूहळू ओढावें. दोरी निघतां निघतां रबराचा ओंठ पत्र्याच्या कडेवरून उचलून आंत आणते. बाहेरचा मनुष्य त्याच जागीं उघड्या तळहातानें थापट्या मारीत जातो. एक टोक निम्म्यापर्यंत आलें कीं दुसरें घ्यावें. आमच्याकडून पहिल्या खेपेस वरचा कोपरा सुटला. कांच काढून पुन्हां आरंभ करावा लागला. दुसऱ्या खेपेस तीर्थरूप स्वतः बाहेरून कांच धरावयास उभे राहिले.

त्यानंतर रबराच्या बाहेरील ओंठाखालीं न वाळणारें लांबीसारखें द्रव्य भरलें आणि पाण्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा खालून वर घ्यावी: आधीं खालची कड, मग बाजू, शेवटीं वरची कड. एकदम छतावर बादली ओतली तर पाणी कोठून शिरलें तें कळत नाहीं.

फळी व गादी हीं कामें आतां सोपीं. जुनी फुगलेली फळी नमुना म्हणून घेऊं नये. कागदाचा नवा नमुना काढावा. आम्हीं पुठ्ठ्याऐवजीं पातळ प्लायवुड वापरलें व रेक्झीन चढविण्यापूर्वीं त्याच्या कडांसही व्हार्निश दिलें, कारण ओल कडेनेंच शिरते. रेक्झीन तासभर उन्हांत ठेवलें म्हणजे वळणावर सुरकुती न पडतां बसतें.

फेरनोंदणीची तपासणी मे महिन्यांत पार पडली. जून लागल्यावर तीर्थरूपांनीं कोणास न सांगतां फळीखालीं एक कोरडें वर्तमानपत्र पसरून ठेवलें होतें. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें बाहेर काढलें, दोन्ही बाजूंनीं हात फिरवून पाहिलें, आणि तेंच उघडून पडवींत वाचीत बसले. पडवीच्या सांध्यांतून त्या पहिल्या कांचेचे खडे अद्यापि केर काढतांना निघतात.