फिटचा आजार आणि मेंदूचे चित्र

गेल्या वर्षी आमच्या बँकेत पेन्शनच्या रांगेत आईसोबत आलेला एक तरुण एकाएकी कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल काढून नाकाशी धरली, कोणी कांदा आणायला पळाले. सारे शिकलेसवरलेले लोक, त्यांत आम्हीही. आईने मात्र त्याला शांतपणे कुशीवर वळविले. दोन-तीन मिनिटांत झटका थांबला. "तीन-तीन गोळ्या चालू हायत साहेब, तरी बी येतीच," ती म्हणाली. तेव्हापासून आम्ही या विषयावर जे वाचले ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

फिट, फेफरे, मिरगी, अपस्मार ही एकाच आजाराची नावे. मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेने बोलतात. त्यांतला एखादा गट बेताल झाला की झटका येतो. ही बाहेरची बाधा नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही मूल आधी देवऋष्याकडे नेले जाते, हे लिहिताना लाज वाटते.

शंभरांतील सुमारे सत्तर रुग्णांचे झटके नियमित गोळ्यांनी थांबू शकतात. योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही झटके चालूच राहिले, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. अशा वेळी गोळ्या वाढवीत वर्षे घालविण्यापेक्षा, शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

पण कापायचे नेमके कोठे? येथे मेंदूचे चित्रण कामी येते. एम.आर.आय. यंत्र चुंबकाच्या साहाय्याने मेंदूचे काप दाखविते. कानशिलाच्या आत समुद्रघोड्याच्या आकाराचा 'हिप्पोकॅम्पस' असतो. आठवणी साठविण्याचे काम त्याच्याकडे. तो एका बाजूस आकसलेला दिसला, तर बऱ्याचदा झटक्यांचे मूळ तेथेच निघते. साध्या तपासणीत हे निसटू शकते. म्हणून अपस्मारासाठी खास पद्धतीने, पातळ कापांचे चित्र घ्यावे लागते. नांदेड-लातूरला एम.आर.आय. काढण्यापूर्वी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसे लिहून घ्यावे, नाहीतर पैसे दोनदा जातात.

एकट्या चित्रावर कोणी सुरी चालवीत नाही. रुग्णास काही दिवस दवाखान्यात ठेवून, डोक्याला तारा लावून, झटक्याचा व्हिडिओ आणि विजेचा आलेख एकाच वेळी घेतात. दोन्हींचा कौल जुळावा लागतो. शंका उरल्यास पेट स्कॅन करतात. झटका नसताना सदोष भाग साखर कमी वापरतो, तो त्यात फिका दिसतो. बोलण्याचे केंद्र शेजारी असेल तर फंक्शनल एम.आर.आय.ने ते आधीच आखून ठेवतात.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होत आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातही होतात. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी ४४ मुले वर्षाअखेर झटक्यांतून मुक्त होती. केवळ औषधांवरच्या ५९ पैकी फक्त ४. मात्र शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाला, काहींची एक बाजू कमजोर झाली. डॉक्टरांकडून हेही स्पष्ट विचारून घ्यावे.

कायद्याचीही एक गोष्ट. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. वारंवार फिट येणाऱ्यास विवाहासाठी अपात्र ठरविणारा त्यातील शब्द १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. पुढच्या महिन्यात ती माउली पेन्शनला आली तेव्हा आम्ही हे सांगितले. तिने ते कागदावर लिहून मागितले. त्याच आठवड्यात तिच्या मुलासाठी सोयरीक घेऊन पाहुणे येणार होते.